पेनकिलर, नाकातलं मांस आणि पेशींमधली चरबी

प्रश्न: माझी ताई ४१ वर्षांची आहे. दमा ३४व्या वर्षी सुरू झाला, त्याआधी कधीच नव्हता. नाकात मांस वाढतं म्हणून दोनदा ऑपरेशन झालं, तरी परत वाढलं. वास जवळजवळ येतच नाही. गेल्या महिन्यात दाढ दुखत होती म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेतली आणि पाऊण तासात इतकी धाप लागली की आयसीयूत ठेवावं लागलं. रक्तातल्या ॲलर्जीच्या तपासण्या मात्र निगेटिव्ह आल्या. डॉक्टर म्हणाले, रोगप्रतिकारक पेशींमध्ये चरबीचं जे चयापचय होतं त्यात दोष आहे. तेव्हापासून घरात तिचं तूप-तेल बंद केलंय. हे बरोबर आहे का? आणि ॲलर्जी नसताना हे झालं कसं?

उत्तर: आधी ताईंच्या ताटात तूप परत वाढा. डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे, पण ते ज्या चरबीबद्दल बोलत होते ती पोटावरची नाही, रक्ताच्या रिपोर्टमधलं कोलेस्टेरॉल नाही आणि पोळीवरचं तूपही नाही. ती पांढऱ्या पेशींच्या आवरणात असते. मी गेली बावीस वर्षं दमा आणि ॲलर्जीचे रुग्ण बघतोय. ताईंसारखी हकीगत मला दर दोन-तीन महिन्यांनी ऐकायला मिळते आणि जवळपास प्रत्येक वेळी असं दिसतं, की रुग्णाला या आजाराचं नावसुद्धा कुणी नीट सांगितलेलं नसतं. ते नाव म्हणजे सॅम्टरचं त्रिक: दमा, नाकातले पॉलिप (म्हणजे ते वाढणारं मांस) आणि पेनकिलरने येणारा झटका. जरा मुळापासून सांगतो.

आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण म्हणजे चरबीच्या रेणूंचा दुहेरी पडदा असतो. त्यातल्या बऱ्याच रेणूंमध्ये वीस कार्बनची एक लांब साखळी अडकवलेली असते, तिचं नाव ॲराकिडॉनिक आम्ल. (हे नाव भुईमुगाच्या शास्त्रीय नावावरून आलंय, त्यामुळे नेटवर वाचून शेंगदाणे सोडलेले रुग्ण मला भेटतात. शेंगदाण्यात असतं ते ॲराकिडिक आम्ल, ते वेगळं. ॲराकिडॉनिक आम्ल शेंगदाण्यात जवळजवळ नसतंच.) एरवी ही साखळी आवरणात निवांत पडून असते. पेशीला धोक्याची सूचना मिळाली की पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं, फॉस्फोलायपेज नावाचं एन्झाइम कात्रीसारखं काम करतं आणि ही साखळी सुटी होते. तिथून तिला दोन वाटा असतात. कॉक्स नावाच्या एन्झाइमच्या वाटेने गेली तर तिची प्रोस्टाग्लँडिन्स होतात. दुसरी वाट ५-लायपॉक्सिजनेजची, तिकडे गेली तर ल्युकोट्राइन्स होतात.

ही ल्युकोट्राइन्स म्हणजे ताईंच्या आजाराचा गाभा. त्यांचा शोध कसा लागला ते सांगण्याचा मोह मला आवरत नाही. १९३८ मध्ये मेलबर्नमध्ये फेल्डबर्ग आणि केलावे नागाच्या विषाचा फुफ्फुसांवर होणारा परिणाम तपासत होते. विष दिलेल्या फुफ्फुसातून असं काहीतरी बाहेर पडत होतं, की त्याने स्नायू हळूहळू आवळायचा आणि मग बराच वेळ सुटायचाच नाही. ॲलर्जीत शिंका आणि खाज आणणाऱ्या हिस्टामिनने स्नायू झटकन आवळतो आणि लवकर सैल पडतो. हे तसं नव्हतं. त्याला त्यांनी ‘सावकाश काम करणारा पदार्थ’ असंच नाव दिलं. तो पदार्थ नेमका काय, हे कळायला चाळीस वर्षं गेली. १९७९ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या गटाने त्याची रचना उलगडली. तो पदार्थ म्हणजे चरबीच्या साखळीपासून तयार झालेलं ल्युकोट्राइन होतं. श्वासनलिका आवळण्यात त्यातले काही प्रकार हिस्टामिनच्या शेकडो पटींनी, काही प्रयोगांत तर हजार पटींपर्यंत ताकदवान ठरले. दम्याच्या रुग्णाला सर्दीच्या साध्या गोळीने, म्हणजे अँटिहिस्टामिनने, धाप का थांबत नाही याचं मोठं कारण इथे आहे. हिस्टामिनचं दार बंद केलं तरी ल्युकोट्राइनचं उघडंच राहतं.

आता दाढदुखीच्या गोळीकडे येतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सगळी औषधं कॉक्सची वाट अडवतात. हे १९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवून दिलं आणि १९८२ चं नोबेल वेन, सॅम्युएलसन आणि बर्गस्ट्रॉम या तिघांना मिळालं. बऱ्याच ठिकाणी पुढचं स्पष्टीकरण असं देतात: एक पाट बंद केला की सगळं पाणी दुसऱ्या पाटाला जातं, म्हणून ल्युकोट्राइन वाढतं. ऐकायला सोपं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. तेवढंच खरं असतं तर डोकेदुखीला गोळी घेणाऱ्या प्रत्येकालाच धाप लागली असती. खरी मेख अशी, की कॉक्सच्या वाटेवर तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे ॲलर्जीच्या पेशींवरचा ब्रेक आहे. ते मास्ट पेशींना, म्हणजे हिस्टामिन साठवून ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना, शांत ठेवतं आणि ल्युकोट्राइनच्या कारखान्याचा वेग आटोक्यात ठेवतं. निरोगी माणसाकडे हा ब्रेक मजबूत असतो आणि कारखानाही संथ चालतो. ताईंसारख्या रुग्णांमध्ये कारखाना बारा महिने जोरात चालू असतो आणि ब्रेक आधीच झिजलेला असतो. त्यात गोळीने उरलासुरला ब्रेकही काढून घेतला, की पाऊण तासात जे झालं ते होतं. या रुग्णांच्या लघवीत ल्युकोट्राइन ई-४ एरवीही जास्त सापडतं आणि गोळीनंतर ते आणखी उसळतं.

यात प्लेटलेट्सही सामील असतात, हे मला स्वतःला फार विलक्षण वाटतं. आपण प्लेटलेट्स मोजतो त्या डेंग्यूत. पण या आजारात त्या पांढऱ्या पेशींना मोठ्या संख्येने चिकटून बसलेल्या दिसतात. प्लेटलेटला स्वतःच्या बळावर ल्युकोट्राइन करता येत नाही, कारण पहिल्या पायरीचं एन्झाइम तिच्याकडे नाही. शेवटच्या पायरीचं मात्र आहे. मग शेजारची पांढरी पेशी अर्धवट तयार माल तिच्या हातात देते आणि ती तो पूर्ण करते.

तुमचा दुसरा प्रश्न, तपासण्या निगेटिव्ह कशा? रक्ताची ती तपासणी आयजीई नावाच्या प्रतिपिंडांची असते. धुळीतले कीटक, परागकण, झुरळं यांच्याविरुद्ध शरीराने आयजीई तयार केलंय का, एवढंच ती सांगते. ताईंच्या प्रकारात गोळीविरुद्ध आयजीई नसतंच. गोळी थेट रसायनशास्त्रात ढवळाढवळ करते. म्हणूनच वेगवेगळ्या कंपन्यांच्या, एकमेकांशी रचनेचं काही साम्य नसलेल्या पेनकिलरनी तिला सारखाच त्रास होईल. एकच गोळी ‘सूट होत नाही’ आणि दुसरी चालेल, असं समजणं इथे जिवावर बेतू शकतं.

पण नेहमीच्या, आयजीईवाल्या ॲलर्जीतही शेवटचं काम हीच चरबी करते. धुळीतल्या कीटकाचा कण आयजीईला चिकटला की मास्ट पेशी दोन गोष्टी करते. आधी करून ठेवलेलं हिस्टामिन लगेच सोडते आणि आवरणातली चरबी कापून काही मिनिटांत ल्युकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन डी-२ ताजं तयार करते. हे डी-२ इतर पेशींना जणू हाक मारून बोलावतं. त्यामुळे आजार ताईंचा असला तरी ही गोष्ट शिंका आणि धाप असणाऱ्या खूप जणांची आहे.

बोलावणं गेल्यावर धावून येतात त्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘इओसिनोफिल वाढले’ हे तुम्ही वाचलं असेल. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी फार देखण्या दिसतात, आत शेंदरी-गुलाबी दाणे खच्चून भरलेले. पण त्यात आणखी एक गोष्ट असते जी आपल्याला दिसत नाही: चरबीचे बारीक थेंब. तपासणीच्या काचेवरच्या पेशी रंगवताना वापरलेल्या अल्कोहोलमध्ये ते विरघळून जातात, म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. ऑस्मियमसारखं रसायन वापरून ते टिकवले की दिसतात. ॲलर्जीच्या जागी आलेल्या इओसिनोफिलमध्ये ते जास्त असतात. हे थेंब म्हणजे नुसता साठा नसतो. ॲराकिडॉनिक आम्ल तिथे असतं, त्यावर काम करणारी एन्झाइम्स तिथे असतात आणि ल्युकोट्राइन तिथल्या तिथे तयार होतं.

चरबीचं दुसरं काम इंधनाचं आणि बांधकामाचं. आयएलसी-२ नावाच्या पेशी असतात. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी त्यांचं वर्णन केलं तेव्हा त्या सापडल्या होत्या उंदराच्या पोटातल्या चरबीत. आयजीईची वाट न बघता या पेशी ॲलर्जीचा भडका पेटवतात. श्वासनलिकेचं अस्तर दुखावलं, मग ते धुराने असो, बुरशीने असो किंवा विषाणूने, की ते धोक्याचे संदेश सोडतं आणि या पेशी झपाट्याने वाढायला लागतात. वाढायचं म्हणजे नवी आवरणं बांधायची आणि त्याला चरबी लागते. जर्मनीतल्या बॉन इथल्या गटाने २०२० मध्ये उंदरांवर दाखवलं, की या पेशी बाहेरून चरबीची आम्लं ओढून घेतात, थेंबांत साठवतात आणि मग त्यातून नवी आवरणं तयार करतात. चरबी थेंबांत साठवण्याचा रस्ता अडवला की भडका कमी झाला. ल्युकोट्राइन आणि डी-२ या पेशींनाही चेतवतात, म्हणजे एकदा पेटलं की एक दुसऱ्याला तेल घालत राहतं. टी-हेल्पर-२ या ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्येही फुफ्फुसात पोचल्यावर चरबी हाताळणारी जनुकं जागी होतात असं दिसलंय.

बॉनच्या त्याच कामात उंदरांना कीटो आहार, म्हणजे चरबी भरपूर आणि पिष्ट अगदी कमी असा आहार, दिल्यावर श्वासनलिकेची सूज उतरली होती. ही बातमी वाचून आलेला एक तरुण महिनाभर भात-पोळी सोडून पनीर आणि लोण्यावर राहिला होता आणि त्याने पंपही बंद केला होता. कृपा करून असं करू नका. पिंजऱ्यातल्या उंदरावरचा तो प्रयोग माणसाचा उपचार झालेला नाही, आणि पंप बंद करण्याचा सल्ला त्यात कुणीही दिलेला नाही.

मग आहाराचं काय? काही अर्थ आहे, पण घरात धरला गेला त्यापेक्षा वेगळा. ॲराकिडॉनिक आम्ल शरीरात ओमेगा-६ गटाच्या लिनोलेइक आम्लापासून बनतं. हे लिनोलेइक आम्ल करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात भरपूर असतं, शेंगदाणा तेलात त्याहून बरंच कमी आणि साजूक तुपात अगदी थोडं. म्हणजे ‘चरबी’ या शब्दाला भिऊन तुम्ही जे तूप बंद केलंत त्याचा या साखळीशी संबंध सगळ्यात कमी. त्यातही मोठ्या माणसांत तेल बदललं म्हणून पेशींमधलं ॲराकिडॉनिक आम्ल फारसं खाली येत नाही, शरीर त्याची पातळी नेटाने सांभाळतं. मासळीतल्या ओमेगा-३ चा उपयोग थोडा जास्त आहे. ती आम्लं आवरणात जागा धरतात आणि त्यांच्यापासून जी ल्युकोट्राइन्स होतात ती बरीच मवाळ असतात. ताईंच्याच आजाराच्या दहा रुग्णांनी दोन आठवडे ओमेगा-६ कमी, ओमेगा-३ जास्त असा आहार घेतला, तेव्हा लघवीतलं ल्युकोट्राइन ई-४ कमी झालं. दहाच जण आणि दोनच आठवडे, हे मात्र लक्षात असू द्या. तुमच्याकडे मासे खात असाल तर बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा खाल्ले तर मला आनंदच होईल. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी खा, पण जवसातलं ओमेगा-३ शरीरात बदलून मासळीसारखं होण्याचं प्रमाण फार थोडं आहे. औषधांच्या जागी यातलं काहीही बसत नाही.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. या आजाराचं वर्णन १९२२ मध्ये पॅरिसमध्ये फर्नांड विडाल आणि सहकाऱ्यांनी केलं. टायफॉइडची ‘विडाल टेस्ट’ ज्यांच्या नावाची, तेच हे. १९६८ मध्ये सॅम्टर आणि बीअर्स यांनी तो पुन्हा सविस्तर मांडला, म्हणून दमा, नाकातले पॉलिप आणि पेनकिलरने येणारा झटका या तिघांना सॅम्टरचं त्रिक म्हणतात. दमा असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ७ टक्के, आणि तीव्र दमा असलेल्यांत सुमारे १५ टक्के लोकांना हा प्रकार असतो. शंभर वर्षं माहीत असलेला आजार आहे. तरीही मेडिकलच्या काउंटरवर ‘दाढ दुखतेय’ म्हटल्यावर ‘दमा आहे का’ हा प्रश्न विचारला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ताईंनी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक हे सगळं टाळायचं. नावं पाकिटावर बारीक अक्षरात असतात आणि अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला यातलं एखादं असतं. पाळीच्या दुखण्याची, सर्दी-अंगदुखीची, पाठीला उसण भरल्यावरची गोळी, ताप उतरत नाही म्हणून कमरेत दिलेलं इंजेक्शन, सगळीकडे विचारायचं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर देतात त्या केटोरोलॅकच्या थेंबांनीसुद्धा दम्याचा झटका आलेला आहे. साधं पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना चालतं. एका वेळी १००० मिलिग्रॅम घेतलं तर काहींना त्रास होतो, कारण जास्त मात्रेत तेही कॉक्सचा एक प्रकार, कॉक्स-१, थोडा अडवतं. एटोरिकॉक्सिबसारखी औषधं कॉक्सच्या दुसऱ्या प्रकारावर, कॉक्स-२ वर, नेमकं काम करतात, ब्रेक फारसा काढत नाहीत, म्हणून बहुतेकांना चालतात. तरी पहिली गोळी डॉक्टरांच्या समोर बसूनच घ्यायची. या आजारात बऱ्याच जणांना दारूच्या एक-दोन घोटांनीही नाक चोंदतं, तेही सांगून ठेवतो.

उपचारात पाया म्हणजे रोजचा स्टेरॉइडचा पंप आणि नाकातला स्प्रे. मॉन्टेल्युकास्ट ल्युकोट्राइनचं एक दार अडवतं, सगळी नाही, पण ताईंसारख्यांना ते द्यावंच असं माझं मत आहे. सुरू केल्यावर झोप, स्वप्नं, मनःस्थिती यांत बदल दिसला तर लगेच कळवा. अमेरिकेच्या औषध नियामकांनी मार्च २०२० मध्ये याबद्दल सगळ्यात कडक इशारा दिलाय आणि मी तो प्रत्येक रुग्णाला वाचून दाखवतो.

पॉलिप पुनःपुन्हा होत असतील तर ॲस्पिरिन डिसेन्सिटायझेशनचा विचार करा. ऐकून धक्का बसेल, पण ज्या गोळीने झटका येतो तीच हॉस्पिटलमध्ये अगदी थोड्या मात्रेपासून द्यायची. एका शिक्षकांचा दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. सकाळी फुंकर मारून फुफ्फुसांची तपासणी झाली, सलाइनची सुई लावून ठेवली, पहिली मात्रा चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास. दीड तास काही नाही. दुसऱ्या मात्रेनंतर तासाभराने त्यांनी खिशातून रुमाल काढला. नाक गळायला लागलं, डोळे लाल झाले, मग कपाळ जड झालं आणि मग छातीत सूं सूं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा सकाळपेक्षा वीस टक्क्यांनी घसरली. नेब्युलायझर दिला, दोन तासांत ते सावरले. त्यानंतर तीच मात्रा परत दिली आणि या वेळी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते ३२५ मिलिग्रॅमपर्यंत पोचले. पुढे ही गोळी रोज घ्यावी लागते. दोन-चार दिवस चुकली तर सहनशक्ती जाते आणि मग घरी सुरू करायची नाही, परत हॉस्पिटलमध्येच. अल्सर असेल किंवा गरोदर असेल तर हा मार्ग नाही. सात महिन्यांनी ते तपासायला आले तेव्हा सांगत होते, फोडणीत हिंग पडल्याचं आता बाहेरच्या खोलीत कळतं.

ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शनंही आहेत. पॉलिप आणि वास या दोन्हींवर त्यांचा परिणाम चांगला आहे, पण खर्च बहुतेक घरांना पेलत नाही. तिसऱ्या ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी ताईंच्या डॉक्टरांशी या दोन्ही पर्यायांबद्दल बोला. नुसतं मांस काढलं आणि आतला कारखाना तसाच चालू ठेवला तर ते परत वाढणार.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. पोस्टकार्डाच्या चौथ्या हिश्श्याएवढा कागद घ्या. त्यावर ठळक अक्षरात लिहा: ‘दमा आहे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा त्या गटातलं कुठलंही औषध देऊ नका. गोळी, इंजेक्शन, डोळ्यांचे थेंब, काहीही नाही.’ खाली तुमचा नंबर. एक कागद ताईंच्या पर्समध्ये, एक मोबाइलच्या कव्हरमध्ये, आणि एक तुम्ही जिथून औषधं आणता त्या मेडिकलच्या काउंटरवर द्या.